दोन मिलिमीटर

सोमवारी एर्मिनियो आला, टोपी हातात,
मागे काळी गाडी, धुतलेली, आत रिकामी.
"झुल्मिरा, वळणावर फार कलते ही," म्हणाला.
"माझं काय, मी स्टिअरिंग धरून असतो.
मागच्याला धरायला काही नसतं."

दोउरो नदीच्या वर आमचा घाट.
चर्चपासून दफनभूमीपर्यंत एकेचाळीस वळणं.
माझ्या लहानपणी बेचाळीस होती,
एक दरडीबरोबर खाली गेलं.

बाकीचं तो हळूच बोलला, गाडी जॅकवर चढत असताना.
शनिवारी लिओपोल्दिनाबाई पुढे बसल्या होत्या,
मागे त्यांचा नवरा, पेटीत.
तेराव्या वळणाला ठक् झालं.
चौदाव्याला ठक् ठक्.
बाईंनी याची बाही धरली: थांबवा, ते ठोकताहेत.
थांबला. न थांबून सांगतो कुणाला?
भर उन्हात मागचं दार उघडलं,
पट्टे ओढून पाहिले, सहाही स्क्रू चाचपले.
"आणि खरं सांगतो, झुल्मिरा,
मी कानही लावला."

मी हसले नाही. गाडीखाली गेले.

ये, वाक, बघ. या चाकापासून त्या चाकापर्यंत
गेलेली सळई, दोन्ही टोकांना कोपरात वाकवलेली.
कॅटलॉगात नाव स्टॅबिलायझर.
बाबा हिला चहाडखोर म्हणायचे,
डाव्या चाकाचं उजव्याला सांगते.
तू उजवीकडे वळलास की गाडीचं अंग डावीकडे झुकतं,
डावी स्प्रिंग दबते, उजवी पाय ताणते,
आणि ही मधल्या मधे स्वतःला पिळून घेते,
एकीला जास्त बसू देत नाही, दुसरीला जास्त उठू देत नाही.
गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली
तर हिला काहीच म्हणायचं नसतं,
नुसती फिरते आपल्या रबरात.
दोन बाजूंचं पटेनासं झालं तरच हिचं काम.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर? तो कलणं थांबवत नाही रे,
फक्त घाई करू देत नाही.
आणि वजन? वजन बाहेरच्या चाकावर जाणारच.
ते अजून कुणाला अडवता आलेलं नाही.

रबरी बुश वाळलेले, ऑलिव्हच्या बियांसारखे.
डावा लिंक रॉड हातात आला, हलवला:
ठक्.
एर्मिनियोने छातीवर क्रूस काढला, मग स्वतःवरच चिडला.

बावीसची सळई काढली, चोवीसची घातली.
दोन मिलिमीटर, पण पीळ जवळजवळ दीडपट कडक.
"सव्वीसची घाल ना," तो म्हणाला, "हलूच नये."
नको. फार ताठ केली
तर आतलं चाक जमीन सोडायला बघतं,
एका बाजूच्या खड्ड्याचा दणका दुसरीही खाते.
आणि थोडं कललं नाही
तर वळणात किती जोर होता हे तुला कळणार कशावरून?

मग चाचणी. सिमेंटच्या गोण्या आणतो म्हणाला.
गोणीला काय विचारणार? मीच मागे आडवी झाले,
डांगरी घालून, पाय दाराकडे.
छतावर झाडांच्या सावल्या धावत होत्या.
तेराव्या वळणाला मी डोळे मिटले.
खांदा एका बाजूला जरासा जड झाला,
कुशीवर वळावं असं वाटेपर्यंतच,
आणि पुन्हा सरळ.
आवाज नाही.
वर पोचल्यावर तो म्हणाला, "ऊठ आता."
मी आणखी थोडा वेळ पडून राहिले.

गुरुवारी लिओपोल्दिनाबाई आल्या, चालत, छत्री घेऊन.
एर्मिनियोच्या पोटात काही राहत नाही.
"तो आवाज," म्हणाल्या, "कशाचा होता, दाखवता?"
भंगाराच्या डब्यातून लिंक रॉड काढला, पुसला, दिला.
वीतभर लोखंड, दोन्ही टोकांना गोळी.
त्यांनी कानाजवळ नेऊन हलवला. ठक्.
पुन्हा हलवला.
"हो," म्हणाल्या, "असाच."

पैसे विचारले. मी मान हलवली.
पर्समध्ये मावेना, म्हणून छत्रीत ठेवला
आणि उतारावरून निघाल्या.
पहिल्या वळणाला दिसेनाशा झाल्या.
ठक् मात्र दोनदा ऐकू आलं.