उद्यापासून लागू

एकशे त्रेचाळिसाव्या पाळीला दर्पण भोईरचं धान्याचं गाव पडलं
आणि भांडण खरं झालं.
घणसोली, सेक्टर चार,
गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून पाच राजे,
मधे ताटलीत गार झालेली भजी.

सानिया मुकादमनं केलं ते एवढंच:
घड्याळ संपायला चार सेकंद असताना एक चाल,
नवं घड्याळ लागताच दुसरी.
"खेळ करू देतोय ना? मग?"
"दार उघडं असलं," दर्पण म्हणाला,
"की घर तुझं का?"

हेरंब गप्प. त्याच्यावरही येणार होतं.
मागच्या डावात हरायला लागल्यावर
उरलेली सात शहरं त्यानं वल्लीला आंदण दिली
आणि उठून जेवायला गेला.
वल्ली म्हणते, मी मागितली नव्हती.
परतही केली नाहीत.

लहानपणी मुठीला थुंकी लावून टाइमप्लीज म्हटलं
की पाठलाग थांबायचा.
रडीचा डाव खडी, एवढ्यावर खटला निकालात.
सोपं होतं असं मी म्हणणार नाही:
चौथीपर्यंत मी लिंबूटिंबू होते,
आणि लिंबूटिंबूला कुणी विचारत नाही,
तुला राज्य घ्यायचंय का.
आता अक्षर बरं म्हणून
सोसायटीच्या पाणीबिलाच्या पाठीवर
कलमं लिहिते.

दुहेरी चाल बंद.
युद्ध चालू असताना आंदण बंद.
गैरहजर माणसाच्या सीमेवर हल्ला नाही.
"गैरहजर म्हणजे?" वल्लीनं विचारलं. "झोप धरायची का?"
यात पाऊण तास गेला.
झोप धरायची नाही. ताप धरायचा, शंभरच्या वर.
थर्मामीटरचा फोटो लागेल का, यावर मतदान.
तीन विरुद्ध दोन. लागणार नाही.

मग दर्पण म्हणाला, आणि हसत नव्हता:
आमच्या आज्याचं खाजण होतं,
तुमचं पार्किंग आहे तिथपासून खाडीपर्यंत.
एक दिवस नकाशा आला, रंगवलेला.
नियम सगळे बरोबर होते,
सहीशिक्क्याचे, साडेबारा टक्क्यांचे.
फक्त नकाशा त्यांनी आधी बघितलेला.
म्हणून लिही,
ज्यानं नकाशा निवडला, त्याला पहिली पाळी नाही.

यावर कुणी मतदान मागितलं नाही.
खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली.

पाचवं कलम मी न विचारता लिहिलं:
लढाई उलटी गेली म्हणून
जुना डाव पुन्हा उघडून
तीच चाल परत खेळायची नाही.
दोनदा गिरवलं.
"असं कोण करतं?" सानिया म्हणाली.
मी पेनाचं टोपण शोधत राहिले.

सर्व कलमं सोमवारपासून लागू.

घरी आले तेव्हा रविवारचे अकरा चाळीस.
पाळी माझी.
दर्पणच्या राजधानीच्या उत्तरेला पूल,
पुलावर चिटपाखरू नाही,
माझे घोडे दोन घरं अलीकडे.
तो एव्हाना महापेला, रात्रपाळीवर,
सर्व्हरच्या खोलीत स्वेटर घालून.
रात्रपाळी म्हणजे ताप नव्हे.
कुठल्याच कलमात बसत नव्हतं,
आणि कलमं तर अजून वीस मिनिटं जन्मायची होती.

बोट पुलावर ठेवलं. काढलं.
त्याला लिहिलं: तुझा पूल उघडा पडलाय.

लगेच उत्तर आलं, म्हणजे फोन हातातच होता.
"माहितेय. पलीकडच्या झाडीत भालेवाले आहेत."
आणि जरा वेळानं,
"सापळ्याबद्दल आपण काही लिहिलंच नाही ना?"

बारा वाजायला सहा मिनिटं होती.
घोड्यांना मी तिथंच विश्रांतीचा हुकूम दिला
आणि पाणीबिल सरळ करून बघितलं, किती आलंय.