दाराजवळचा घोडा

इलीपासून चार मैलांवर, जिथे जमीन
समुद्राहून खाली आहे
आणि बीटाच्या शेतांवर बसलेला नोव्हेंबर
उठायचं नाव घेत नाही,
तिथे विनिफ्रेड टॅब्रमचा तबेला होता.
सहा घोडे. एक गळका नळ.
साल बावन्न. मी बावीस वर्षांची,
सिनेमाच्या वहीत लिहून ठेवायचं काम माझं:
हातमोजा कुठल्या हातात होता,
मेणबत्ती किती जळली होती,
घोडा कुणीकडे तोंड करून होता.

सिनेमा त्या जुन्या म्हणीवरचा.
केंब्रिजचा भाड्याचा घोडेवाला, दावणीला चाळीस घोडे,
कॉलेजच्या पोरांनी यावं, हवं त्याकडे बोट दाखवावं,
आणि त्यानं म्हणावं:
दाराजवळचा घ्या, नाहीतर पायी जा.
तीनशे वर्षं झाली.
घोडे मेले, पोरं बिशप होऊन मेली,
म्हण तेवढी उरली,
ताट वाढलंय म्हणायचं आणि ताटात एकच पदार्थ.

आमच्याकडे चाळीस नव्हते.
त्याच सहांना कॅमेऱ्यापुढून फिरवायचं,
मागच्या अंगणातून परत आणायचं,
मधे विनिफ्रेड खडूनं कुणाला पांढरे मोजे घालायची,
कुणाच्या कपाळावरची चांदणी काजळीनं पुसायची.
मफिन नावाचा घोडा एका सकाळीत चार घोडे झाला.
मी वहीत चारही वेगळे लिहिले.

नायक होता लायनेल अ‍ॅस्क्यू. त्याला डचेस हवी होती,
शेवटच्या ठाणातली काळी घोडी,
तिच्यावर त्याची हनुवटी बरी दिसते म्हणे.
विनिफ्रेड म्हणाली, नाही. काल ती दिवसभर पळालीय.
दिग्दर्शक पाईकसाहेबांनी पाकीट काढलं.
नाही.
लायनेल म्हणाला, मग मी करतच नाही शॉट.
विनिफ्रेडनं गवताची काडी दातातून काढली,
दाराजवळच्या सार्जंटकडे मान वळवली.
सार्जंट, वय एकोणीस, एका डोळ्यात सारा,
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असला प्रकार.
"हा. नाहीतर इली चार मैल आहे."

संवाद सिनेमातला नव्हता.
कॅमेरा बंद होता.
मी तरी लिहून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी बादली पालथी घालून बसली.
म्हणाली, तुमच्या कथेत तो म्हातारा खट दाखवलाय.
अगं, पोरं रोज तोच एक चांगला घोडा मागणार,
रोज त्यालाच लंडनपर्यंत पिटाळणार.
म्हणून रांग. परत आलेला मागे बांधायचा,
विश्रांती झालेला पुढे सरकायचा.
ज्याला निवडता आलं नाही त्याची म्हण झाली.
ज्याच्या पाठीवर बसायचं
त्याला कुणी काय विचारलंय कधी?

मग बराच वेळ नळच बोलत होता.

आणि मी विचारलं नसताना:
भाऊ टोब्रुकहून आला नाही.
तार आली त्या दिवशी वडील खूप वेळ खाली बघत बसले.
मान वर केली तेव्हा
दारात मी उभी होते.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
सँडविच घ्या, म्हणाले.
तिनं घेतलं. ईलचं होतं, थंड, हाडं असलेलं.

सिनेमा लागला पुढच्या ऑक्टोबरात.
इलीला थिएटर एक, पडदा एक,
त्या आठवड्यात तोच किंवा घरी बसून पाऊस.
हाउसफुल.
लायनेलची हनुवटी सार्जंटवर तिरकीच दिसत होती
आणि सार्जंट कॅमेऱ्याकडे असा बघत होता
जणू भाडं त्यालाच द्यायचंय.
लोक हसले तिथे विनिफ्रेड हसली नाही.
चाळीस घोड्यांची रांग आली, वाद्यं वाजली,
सगळं सभागृह गप्प,
आणि तेव्हा माझ्यामागच्या ओळीतून तिचा आवाज,
हळू, हजेरी घ्यावी तसा:
मफिन. मफिन. डचेस. मफिन.

वही अजून आहे माझ्याकडे.
टेक सातपुढे लिहिलंय: घोडा, दाराजवळचा.
तोंड, बाहेर.