गुरुवारी या

मला गिटार येत नाही.
मी पंखे भरतो, मिक्सर भरतो,
पाण्यात बुडालेल्या मोटारी भरतो,
नाना पेठेत, स्पेअरपार्टच्या गल्लीत, तिसरं शटर.

सुवार्ता साळवे आली ती मुठीत एक डबी घेऊन.
सहा चुंबकं, भोवती तांबं,
आत कुठंतरी तुटलेलं.
"भिसेकाका, ही भरता येईल?"
तार चिमटीत धरून पाहिली. केसाहून बारीक.
एवढ्या तारेत डासाचाच पंखा भरायचा.

आठ हजार वेढे.
सात हजार सहाशेला तटकन गेली.
मी शिवी दिली, तिनं ऐकली नाही असं केलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून.
मग मेणात बुडवून घे म्हणाली,
नाहीतर किंचाळते.

बाकावर गिटार उताणी टाकून
तिनं मला शिकवलं:
घोडीजवळ तार ताठ, हलते न हलतेशी,
तिथं डबी बसवली की आवाज कैरीचा,
दात आंबवणारा.
मानेजवळ तार मोकळी झुलते,
तिथं सायीचा.
"आणि मधे?"
"मधे दोन्हीकडची आठवण येते."

तार तीच, छेडणारं बोट तेच,
ऐकणारा कुठं बसलाय एवढंच.
हे मला लगेच पटलं.
आमच्या गल्लीतलं भांडण
नळापाशी एक ऐकू येतं, माडीवर दुसरं.

फार जवळही नको.
चुंबक तारेला ओढतं, सूर लंगडतो, लवकर विझतो.
तिनं शेवटचा पडदा दाबून धरला,
मी तारेखाली दोन नाणी सरकवली
आणि स्क्रू तेवढ्यावर थांबवला.

सगळं जमलं.
पण तिचा हात थांबला की खालून
घूंऽऽऽ

एकेरी डबी अशीच, म्हणाली,
ट्यूबलाइट ऐकते, शेजारचा लेथ ऐकते,
कोपऱ्यावरची गिरणी ऐकते.
उपाय आहे: शेजारी दुसरी डबी,
उलट्या वळणाची, उलट्या चुंबकांची.
बाहेरचा गोंगाट एकीत सुलटा शिरतो, दुसरीत उलटा,
दोघींत मिळून मरतो,
तारेचा आवाज मात्र दुणावतो.
मी म्हटलं, हे माझ्या लग्नाआधी
कुणीतरी सांगायला हवं होतं.

उलटी डबीही भरून ठेवली.
पण दुहेरीत कैरी जरा शिजते, म्हणाली.
दोन दिवस तिचं ठरेना.
गुरुवारी या, म्हटलं.

गुरुवारी दहापासून वीज बंद.
लेथ गप्प, गिरणी गप्प,
माझ्या बाकावर सहा पंखे, पाय वर केलेले.
तिनं साबणाच्या वडीएवढा अँप्लिफायर काढला,
सेलवर चालणारा,
आणि घोडीजवळची एकेरी डबी लावली.
घूं नाही. चिमूटभरही नाही.
आवाज शटरबाहेर गेला
तो थेट समोरच्या टायरवाल्यापर्यंत,
तो पंक्चर सोडून उभा राहिला.

ती खूश होईल असं मला वाटलं.
तिनं परत तेच वाजवलं, कान लावून, दोनदा.
"काका, हे कुठलंही गाव असू शकतं."

चारच्या सुमाराला वीज आली.
आधी फ्रीजवाल्याचा कॉम्प्रेसर, मग लेथ,
मग गिरणीचा पट्टा फटफटला,
आणि मोठ्या अँप्लिफायरमध्ये तो परत आला,
घूंऽऽऽ, न चुकता, त्याच सुरात.
सुवार्तानं मान खाली घातली,
पाचवी तार हळूहळू उतरवत नेली
आणि त्याच्यावर टेकवली,
तंबोरा लावावा तशी.
दोन्हींतली थरथर थांबली.

एकेरीच नेली.
पैसे मी एकाच डबीचे घेतले.

उलटी अजून फळीवर आहे,
आठ हजार वेढे, एकही तुटका नाही.
कुणाला हवी असेल तर विचारा.
गुरुवारी सोडून.