ओहोटीच्या आत

चष्मा मला हवा होता.
सुईत दोरा ओवताना जीभ ओठांबाहेर येऊ लागली होती,
आणि लोकरीतला गडद निळा कुठला, काळा कुठला,
हे दाराशी उजेडात जाऊन ठरवत होते.
एलेउतेरिओ फक्त वल्ही मारायला आला.

दवाखान्याची बोट वर्षातून दोनदा चिलोएची बेटं फिरते,
आमच्या धक्क्याला भरती असेतोवर थांबते.
पाणी उतरू लागलं की डॉक्टरीणबाई
वाक्य अर्धं सोडून निघतात.
सतरा वेळा तरी आली असेल ती.
सतरा वेळा हा म्हणाला,
"ज्याचे डोळे दुखतात त्याने जावं. माझं काय दुखतंय?"

खरंच काही दुखत नव्हतं.
फक्त डाव्या हाताशी ठेवलेले कप फुटायचे.
दोन वर्षांत पाच. मी वेंधळा म्हणायची.
फक्त मियापेलांच्या पोराची होडी
भर दुपारी डावीकडून घासून गेली,
आणि हा घरी येऊन तासभर शिव्या घालत होता,
कुठून उगवलं कार्टं, म्हणून.
फक्त चर्चच्या पायऱ्या उतरताना
माझ्या खांद्यावर हात ठेवू लागला होता,
आणि मला, खोटं कशाला बोलू,
ते आवडत होतं.

माझा नंबर दहा मिनिटांत निघाला.
पुढचं माणूस आलं नव्हतं, ओहोटीला वेळ होता.
"या, तुम्हीही बसा," बाई म्हणाल्या.
त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली,
मुंगीएवढी अक्षरं,
आणि त्याखालचं छापखान्याचं नावही, न विचारता.
माझ्याकडे वळून बघितलं,
पैज जिंकल्यासारखं.

मग एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायला सांगितलं.
समोर बघत राहायचं. कुठेही ठिणगी दिसली की बटण दाबायचं.
चाळीस वर्षं रात्रीच्या पाण्यावर
ज्याने सगळ्यांच्या आधी दिवे ओळखले,
हिरवा, लाल, डोलकाठीवरचा पांढरा,
त्याला हे काय अवघड!
मी बाकावर बसून ऐकत होते.
टिक. टिक.
टिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, यंत्र बंद पडलं.
यंत्र चालू होतं.
डावीकडून होड्यांचा अख्खा ताफा दिवे लावून चालला होता
आणि तो, हसऱ्या तोंडाने,
पहिल्या दिव्याची वाट बघत होता.

काचबिंदू.
मोतीबिंदू मला माहीत होता, आईला झाला होता,
दुधाळ, सांगून येणारा, शेजारणीलाही दिसणारा.
हा काचेचा. आरपार.
घरात शिरतो, कडेकडेने एकेक वस्तू उचलतो,
मधला दिवा तेवढा जागेवर ठेवतो,
आणि आपण त्या दिव्याखाली बसून म्हणतो,
सगळं आहे की.

"गेलं ते परत येत नाही," बाई म्हणाल्या,
"उरलंय ते राखू. थेंब रोज.
आणि दर खेपेला तपासणी. दुखो, न दुखो."
तो बराच वेळ टोपी फिरवत बसला.
"सात-आठ खेपा आधी आलो असतो तर?"
बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.
पाणी उतरायला लागलं होतं.

आता रोज रात्री, रेडिओवर बातम्या लागल्या
की तो चुलीशी मान मागे टाकून बसतो.
मी पेटीतला नवा चष्मा लावते,
नाहीतर थेंब गालावर जातो
आणि तो म्हणतो, बघ, तुलाच दिसत नाही.
कपाटाच्या दाराआड, बटाट्याच्या पोत्यांच्या हिशेबाखाली,
बोटीची पुढची तारीख आहे. नावं दोन.

कप उजवीकडे ठेवते.
डावीकडे मी बसते.