मान काहून वळवली

मे महिन्याची दुपार, सिव्हिल लाइन्स.
कूलरच्या वाळ्यातून पाणी ठिबकतं आहे
आणि पडद्यावर रोमन लोकांचं देऊळ :
जमिनीखाली, खिडकीवाचून,
दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे,
टोकाला मिथ्र.
वऱ्हाडपांडे मॅडम सांगतात, हा सूर्याचा सोबती.
दोघं इथे, या भुयारात, एका पंगतीला जेवत.

मागून कुणीतरी हसलं.
सत्तेचाळीस अंशांच्या गावात
सूर्याला तळघरात नेऊन बसवण्याची अक्कल
समजावून सांगावी लागत नाही.

मी नकाशे काढणारा. मी मापं टिपत होतो,
गावाचं नाव टिपायचं राहून गेलं.

पुढची स्लाइड :
बैलाच्या पाठीवर गुडघा, खांद्यात सुरी,
रक्ताशी कुत्रा, साप,
शेपटीच्या गोंड्याला गव्हाची ओंबी
आणि खाली, नको तिथे, विंचू.

चहाचा ट्रे घेऊन दारात थांबलेला झिंगरू परतेकी,
तीस वर्षं आमच्या खड्ड्यांत उतरलेला,
म्हणाला, ‘विंचू बरोब्बर बसवला जी.
पन यानं मान काहून वळवली?’

मॅडम म्हणाल्या, मतं अनेक आहेत.
कुणी म्हणतं, तो सूर्याकडे बघतो,
कुणी म्हणतं, हुकूम घेऊन आलेल्या कावळ्याकडे.
झिंगरूनं कप मोजले.
‘मारनाऱ्याले पाहवत नसन,’ म्हणाला,
आणि साखर कमी कुणाला ते विचारू लागला.

काटोल रोडच्या पलीकडे, मुरमाड माळावर,
एका शिळावर्तुळात आम्हाला घोडा लागला होता.
पुरलेल्या माणसाबरोबर पाठवलेला.
कवटीवर पाय न देता झिंगरू वाकून बसला,
ब्रश दातांवरून फिरत होता
आणि नजर दूर पळसांकडे.
मी वरून ओरडलो, अरे, बघून काम कर!

तो नकाशा अजून कार्यालयात आहे.
प्रमाण एकास दहा.
घोड्याचा एकेक दात मी त्यात काढला आहे,
तांब्याचा हिरवा डाग ठिपक्यांनी,
उत्तर दिशेचा बाण, माझी सही.
खोदणाऱ्याच्या वळलेल्या मानेसाठी
आमच्याकडे खूण नाही.

दिवे लागले. टाळ्या झाल्या.
फाटकापाशी झिंगरूनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला,
खिशातला कांदा चाचपला,
आणि आम्ही दोघं
खाली बघत
उन्हात उतरलो.