दोनपासून मोजणी

आमच्या कालव्यावर थोरल्या मुलाला ‘दोन’ म्हणतात.
एक हा आकडा रिकामा ठेवायचा,
थोरल्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून.
त्यामुळे साऊ थ्वाय नावानं सहा, पण भावंडांत पाचवा,
आणि मी हाय क्वेन, दोन, घरातला पहिला,
एकोणीस वर्षं मेकाँगच्या शेपटाशी
खाऱ्या पाण्याच्या दाराची किल्ली सांभाळणारा.

कार्यालयातून पोरगी आली, वही घेऊन.
म्हणाली, भातखाचरांची तळी का झाली, कारणं सांगा.
मी म्हटलं, लिही.

दोन : कोळंबी.
एका हंगामात भाताच्या सहा हंगामांचे पैसे.
बाय दिएपनं त्यातून घरभर चकचकीत फरशी घातली
आणि वर्षभर तिच्यावरून घसरत राहिली.

तीन : पोरं. ती सायगावच्या पलीकडे
बुटांना तळवे चिकटवतात.
लावणीला चार कंबरा लागतात,
घरात उरली एक, वाकली की सरळ न होणारी.
तळ्याला कंबर लागत नाही. नुसतं जागावं लागतं.

चौथं सांगायच्या आधी चहा घे.

तुला वाटतं बांध म्हणजे हद्द.
हद्द माणसाला कळते.
मीठ बांधाखालून जातं,
शेजारी जावं तसं, अनवाणी, न विचारता.
साऊ थ्वायला कोळंबी नको होती.
त्याच्या दोन्ही अंगांना तळी झाली
आणि पोटरीत आलेलं त्याचं भात
शेंड्याकडून तांबूस होत गेलं.
तो भांडला नाही. रोज सकाळी
बांधाची माती जिभेवर ठेवून पाहायचा.
अकराव्या दिवशी त्यानं खोदायचं यंत्र बोलावलं.
अर्जात कारण : ‘स्वेच्छेनं’.

पोरगी लिहिता लिहिता थांबली.
म्हणाली, दोनपासून सुरू केलंत. एक राहिलं.

दाराच्या फळ्यांवर आता कालवं बसलीत,
भरतीला लोखंड कण्हतं.
किल्ली अजून माझ्याकडे आहे,
दार मात्र लागत नाही.
त्या रात्री बावीस माणसं होती, कुदळी, कंदील.
कुणी शिवी दिली नाही.
चिन मामी सगळ्यांच्या पुढे;
तिनं सुक्या मासळीची पुडी माझ्या हातात ठेवली,
निघालेल्या पाहुण्याच्या हातात ठेवतात तशी.
कुलूप तोडावं लागलं नाही.

पाणी आत आलं त्याचा आवाज फार नव्हता.
बेडूक ओरडत होते, नेहमीसारखे.
आठवड्यानं नव्हते.

मी म्हटलं, एक आमच्यात मोजत नाहीत.
तिनं रकाना कोरा सोडला.
जाताना मी नाव विचारलं. ‘उत,’ म्हणाली.
उत म्हणजे शेंडेफळ.
तिच्यानंतर आमच्याकडे आकडा नाही.

चपला हातात घेऊन ती बांधावरून गेली.
चहा तिनं अर्धाच प्यायला होता.
खारट लागला असावा.
मला आता कळत नाही.