तिसरी ओळ

फॉर्मवर ट्रेडसाठी तीन ओळी असतात.
पहिलीवर मी लिहिलं, विमानाचं इंजिन.
दुसरीवर रडार.
तिसरी कोरी ठेवली तर काउंटरवरची बाई म्हणाली,
भरून टाक गं,
कोरी दिसली की त्यांना वाटतं पोरगी हट्टी आहे.
मग यादीत बोट पडलं ते उतरवलं:
जीवरक्षक साधनांची देखभाल.
अक्षरं ओळीबाहेर गेली.

तीन आठवडे रोज संध्याकाळी
न्यूलिनच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
डेन्झिलमामा बांगडे साफ करता करता माझी परीक्षा घ्यायचा.
बावीस वर्षं जहाजांच्या पोटात काढलेला माणूस,
मोठ्यानेच बोलतो.
जेट इंजिन कसं चालतं?
ओढ, दाब, भडक, फेक.
पुन्हा.
ओढ, दाब, भडक, फेक.
खुर्चीत रेलायचं नाही. हंऽ नाही, हो म्हणायचं.
येत नसेल तर येत नाही म्हण,
थापेला तिथे वास येतो,
आणि सुरीचं टोक माझ्याकडे: हवाई दलच का?
आपल्या घरात सगळे पाण्यावरचे.

पाणी पुरे झालं, मी म्हणाले.

बराच वेळ नुसते खवले उडत राहिले.
एक माझ्या बाहीवर चिकटला.
मग तो म्हणाला, असं नाही सांगायचं.
सांग, मला यंत्रांची आवड आहे.
म्हण बघू.
मला यंत्रांची आवड आहे.
पुन्हा.

लव्हडेमावशीचा कोट, बाह्या आत दुमडून टाचण्या लावलेल्या.
सकाळची सहाची गाडी, प्लिमथ.
जिन्यावर कुणाच्या तरी सेंटचा वास
आणि भिंतीवर हसणारी माणसं, सगळ्यांचे दात सरळ.

सार्जंट गिलरॉयच्या टेबलावर घरच्या सँडविचचा डबा होता,
त्यामुळे जरा बरं वाटलं.
विमानतळांची नावं विचारली, सांगितली.
दीड मैल किती मिनिटांत? सांगितलं.
भांडण झालं तर काय करशील?
मामाने सांगितलेलं सांगितलं, मी करते ते नाही.
ओढ दाब भडक फेक तर इतकं सुरेख आलं
की तो हसला.

मग त्याने पेनाच्या मागच्या टोकाने
तिसऱ्या ओळीवर टकटक केलं.
आणि हे?

हे मामाने घेतलं नव्हतं.
म्हणणार होते, उगाच, जागा भरायची म्हणून.
तर तोंड म्हणालं,
लाइफ जॅकेटमध्ये एक छोटी नळकांडी असते,
अंगठ्याएवढी.
खारं पाणी शिरलं की आतली पिन हिरवी पडते.
वरून काही दिसत नाही.
दोरी ओढली की दोरीच हातात येते.

तुला कसं माहीत?

आमच्याकडे एक आहे, म्हणाले.
कॉलरवर मार्करने जॅगो लिहिलेलं.
ते परत आलं.

खिडकीबाहेर एक बस उलटी वळत होती,
पीं पीं पीं.
तिचं वळणं संपेपर्यंत त्याने काहीच लिहिलं नाही.
मग विचारलं, शिवता येतं?
जाळं येतं, म्हणाले,
आणि हवेतच गाठ मारून दाखवली,
सुई खालून, वळसा, करंगळीने ताण धरून.
तेवढ्यात टाचणी निसटली
आणि मावशीची बाही माझी बोटं गिळून
टेबलावर पसरली.
कडेला अजून तो खवला. की दुसरा कुठला.

पत्राने कळवू, तो म्हणाला. हे ते सगळ्यांनाच म्हणतात.

परतीच्या गाडीत मामाचा फोन.
इंजिन नीट सांगितलंस ना?
चारही सांगितली.
यंत्रांची आवड?
सांगितली.
(हे मात्र राहून गेलं होतं.)
आणि पाण्याचं नाही ना काढलंस काही?

गाडी तेव्हा टेमरच्या पुलावर होती.
खाली ओहोटी, होड्या चिखलात कुशीवर.
मी म्हणाले, मामा, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.
त्याच्या तिथल्या नळाची धार,
पाट्यावर सुरी ठेवल्याचा आवाज,
सगळं येत होतं.